वेदनेची नोंद आणि रोगाचे कारण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



या अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत ऊसदराचा प्रश्न आणि कंत्राटी कामगारांचे कायदे या दोन विषयांच्या मध्ये माझा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काही जणांना ती मुद्रणातील चूक वाटली असेल. काल संध्याकाळी चहाच्या वेळी एका ज्येष्ठ साथींनी मला तसे विचारलेही. "डॉक्टरबाई, हा विषय महिला मेळाव्याचा नव्हे काय?" असा त्यांचा प्रश्न होता. त्या प्रश्नात खवचटपणा नव्हता, प्रामाणिक कुतूहल होते. म्हणून त्याचे उत्तर देण्यातच आजचा वेळ खर्च करावा असे मी ठरवले आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. स्त्रियांना होणारा एंडोमेट्रिऑसिस नावाचा एक रोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील सुमारे १९ कोटी स्त्रियांना व मुलींना तो ग्रासतो. त्याचा पद्धतशीर अभ्यास सुरू होऊन शंभर वर्षे उलटली, तरी त्याचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही. ते का झालेले नाही याचा विचार करू लागले की आपण प्रयोगशाळेतून निघून समाजरचनेच्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. ज्यांच्या वेदनेची नोंद होत नाही त्यांच्या रोगाचे कारण सापडत नाही; आणि कोणाच्या वेदनेची नोंद करावयाची, हे त्या त्या काळची सत्ता आणि संपत्ती ठरवीत असते. म्हणून हा विषय येथे आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगते. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला एक अस्तर असते. महिन्याच्या चक्रात ते जाड होते आणि गर्भ राहिला नाही तर गळून रक्तावाटे बाहेर पडते. यालाच आपण पाळी म्हणतो. एंडोमेट्रिऑसिसमध्ये या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढू लागतात. बीजांडकोशावर, पोटाच्या आतील आवरणावर, आतड्यावर, मूत्राशयावर, क्वचित छाती व पोट यांमधील पडद्यावर किंवा फुप्फुसातही त्या आढळतात. स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांना त्याही प्रतिसाद देतात, परंतु तेथील रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसते. त्या जागी दाह होतो, जखम भरताना चिवट पट्टे तयार होतात आणि एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. बीजांडकोशात जुने रक्त साठून गाठी होतात. त्यांच्या रंगावरून डॉक्टर त्यांना 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. पाळीच्या दिवसांतील असह्य वेदना, शरीरसंबंधाच्या वेळी आणि शौचाच्या वेळी होणाऱ्या वेदना, सततचा थकवा, आणि पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत मूल न होणे, अशी या रोगाची लक्षणे आहेत. यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वेदनेची तीव्रता रोगाच्या पसाऱ्याशी जुळत नाही. पोटात चार ठिपके असलेली बाई वेदनेने लोळते, आणि सर्वत्र पट्टे पसरलेली बाई कधीकधी काही तक्रारही करीत नाही. म्हणून बाहेरून पाहणाऱ्याला 'ही ढोंग करते' असे म्हणणे फार सोपे जाते.

तसे म्हणणाऱ्यांत एके काळी मीही होते, हे मला येथे सांगितले पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात काम करीत होते. बिड्या वळणारी एक तरुण बाई माझ्याकडे आली. ती म्हणाली, "बाई, त्या चार दिवसांत मांडीवर सूप घेऊन बसता येत नाही. बिड्या होत नाहीत, मजुरी बुडते." बाहेर दीडशे बायकांची रांग होती. मी तिला दुखणे थांबवणाऱ्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि केसपेपरवर तीन शब्द लिहिले: 'पाळीच्या वेळी पोटदुखी'. दोन वर्षांत ती तीनदा आली. तीनही वेळा मी तेच शब्द लिहिले. तिसऱ्या वेळी तर मी तिला समजावले, "अजून मूल नाही ना तुला? एक मूल झाले की थांबेल सगळे." त्यानंतर ती आली नाही. सहा वर्षांनी तिला रात्री उचलून आणण्यात आले तेव्हा बीजांडकोशातील गाठ फुटलेली होती. पोट उघडून पाहिले तेव्हा आतले अवयव एकमेकांना असे चिकटलेले होते की कोणता कोठे संपतो हे ओळखू येईना. ती वाचली. मूल होत नाही म्हणून नवऱ्याने तोवर दुसरे लग्न केलेले होते. नंतर मी तिचे जुने केसपेपर शोधून काढले. तिच्या वेदनेचा इतिहास शोधू पाहणाऱ्या एखाद्या संशोधकाच्या हाती तेथे काय आले असते? तीन शब्द! आणि ते माझ्याच हस्ताक्षरात होते.

मी निष्काळजी होते असे मला आजही वाटत नाही. मी तेव्हाच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे आणि तेव्हाच्या रांगेप्रमाणे वागले. मग पाठ्यपुस्तक तसे का होते, हा खरा प्रश्न आहे. त्यासाठी या संशोधनाचा इतिहास पाहिला पाहिजे.

या रोगाला त्याचे आजचे नाव आणि त्याच्या कारणाचा सर्वांत प्रसिद्ध सिद्धान्त दिला तो अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या आल्बनी शहरी काम करणाऱ्या जॉन सॅम्पसन या शस्त्रवैद्याने. १९२१ साली त्याने बीजांडकोशातील चॉकलेटी गाठींचे वर्णन केले आणि १९२७ साली आपला सिद्धान्त मांडला. पाळीच्या सुमारास शस्त्रक्रिया करताना बीजनलिकांच्या टोकांतून पोटात रक्त झिरपत असल्याचे त्याने पाहिले होते. त्यावरून त्याने अनुमान काढले की पाळीचे काही रक्त उलट्या दिशेने पोटात जाते आणि त्याबरोबर गेलेल्या अस्तराच्या पेशी तेथे रुजतात. योगायोग असा की त्याच १९२७ साली मुंबईत र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले. स्त्रीच्या शरीराविषयी मराठीत उघडपणे आणि शास्त्रीय भाषेत बोलावे, एवढीच त्यांची मागणी होती आणि तेवढ्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. त्या काळी आपल्याकडे असा रोग किती स्त्रियांना असेल, याची गणती करणे दूरच राहिले; त्याविषयी बोलणेच अश्लील ठरत होते.

सॅम्पसनचा सिद्धान्त साधा आणि पटण्यासारखा होता. परंतु १९८४ साली अमेरिकेत एक पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांच्या बीजनलिका खुल्या आहेत अशा स्त्रियांपैकी सुमारे ९० टक्के स्त्रियांच्या पोटात पाळीच्या दिवसांत रक्त आढळते, असे तीत दिसून आले. म्हणजे उलटा प्रवाह जवळजवळ सर्वच स्त्रियांत होतो, रोग मात्र दहांतील एकीला होतो. बी सगळ्याच वाफ्यांत पडते, उगवते ते एकाच वाफ्यात. मग प्रश्न बियाण्याचा राहत नाही, जमिनीचा होतो. शिवाय ज्यांना गर्भाशयच नाही अशा स्त्रियांत, आणि अत्यंत क्वचित, पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी दीर्घकाळ इस्ट्रोजेन दिलेल्या पुरुषांतही हा रोग आढळलेला आहे. त्यामुळे पोटाच्या आवरणातील पेशीच रूप पालटतात, किंवा रक्तवाहिन्यांतून वा लसिकावाहिन्यांतून अस्तराच्या पेशी दूरवर पोहोचतात, असेही सिद्धान्त मांडले गेले. कोणताही एक सिद्धान्त सर्व रुग्णांना लागू पडत नाही.

आता या इतिहासातील ज्या भागात आपल्याला विशेष रस वाटावा तिकडे वळू. १९४० च्या सुमारास बॉस्टन येथील जो मेग्ज या नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञाला असे दिसले की हा रोग फी देऊन येणाऱ्या खाजगी रुग्णांत अधिक आढळतो आणि धर्मादाय वॉर्डातील गरीब स्त्रियांत कमी. यावरून त्याने निष्कर्ष काढला की सुखवस्तू स्त्रिया उशिरा लग्न करतात, मुले थोडी होऊ देतात, म्हणून त्यांना हा रोग होतो. तेव्हा लवकर लग्न आणि लवकर मातृत्व हाच त्यावर उपाय होय. पुढे हा 'नोकरी करणाऱ्या बायकांचा रोग' म्हणून प्रसिद्ध झाला. बिडी कामगार बाईला मी दिलेला सल्ला कोठून आला होता हे आता आपल्या ध्यानात येईल. बॉस्टनच्या खाजगी दवाखान्यातला तो निष्कर्ष अर्ध्या शतकानंतर महाराष्ट्रातील एका सरकारी रुग्णालयात माझ्या तोंडून बोलत होता.

या निष्कर्षातील चूक प्रयोगशाळेत सापडली नाही. ती शिकागोमधील डोनाल्ड चॅटमन या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांकडे नीट पाहिल्यामुळे सापडली. काळ्या स्त्रियांना एंडोमेट्रिऑसिस जवळजवळ होतच नाही असे तोवर अमेरिकेत शिकवले जात असे. त्यांच्या ओटीपोटात दुखले तर तो संसर्ग असणार, आणि तो त्यांच्या वागणुकीमुळे झाला असणार, असे गृहीत धरले जाई. चॅटमन यांनी १९७६ साली आपली पाहणी प्रसिद्ध केली. दुर्बिणीतून तपासणी केलेल्या काळ्या स्त्रियांपैकी २० टक्क्यांहून अधिक जणींना एंडोमेट्रिऑसिस होता आणि त्यांतील कित्येकींवर आधी संसर्गाचा शिक्का मारला गेला होता. ज्यांना तपासणी परवडत होती त्यांना रोगाचे नाव मिळाले. ज्यांना परवडत नव्हती त्यांच्या वाट्याला चारित्र्याचा दाखला आला. एवढे झाल्यावर शास्त्र म्हणणार, 'हा श्रीमंतांचा रोग आहे'! कारणाच्या शोधातील पहिली पायरी म्हणजे आजारी कोण आहे याची मोजणी. ती मोजणीच वर्गाच्या आणि वर्णाच्या चष्म्यातून झाली, तर तिच्यावर उभारलेली कारणमीमांसा कितीही विद्वत्तापूर्ण असली तरी वाकडीच असणार.

आज संशोधन कोठवर आले आहे? निराश होण्याचे कारण नाही. जुळ्या बहिणींच्या अभ्यासावरून असे दिसते की या रोगाच्या शक्यतेतील सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक आहे. २०२३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने एक प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग असलेल्या ६० हजारांहून अधिक आणि रोग नसलेल्या ७ लाख स्त्रियांच्या जनुकीय माहितीची तुलना करून, रोगाशी निगडित अशा ४२ जागा त्यात निश्चित करण्यात आल्या. त्यांतील काही जागा अर्धशिशी आणि पाठदुखी यांसारख्या दीर्घकाळच्या वेदनांशीही संबंधित आहेत. म्हणजे 'सगळे अंग दुखते' असे म्हणणारी बाई खोटे बोलत नव्हती. मात्र त्या अभ्यासातील स्त्रिया युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाच्या होत्या. आपल्या देशातील स्त्री त्या लाखांच्या हिशेबात नव्हती.

दुसरी दिशा रोगप्रतिकारशक्तीची. पोटात चुकून आलेल्या पेशी साफ करणे हे शरीरातील भक्षक पेशींचे काम असते. या रोगात त्याच भक्षक पेशी परक्या पेशींना हुसकावण्याऐवजी त्यांच्या वाढीला, त्यांच्यासाठी नव्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू तयार होण्याला हातभार लावतात, असे आढळून येत आहे. तिसरी दिशा जंतूंची. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली दाखवून दिले की त्यांनी तपासलेल्या रुग्ण स्त्रियांपैकी ६४ टक्के स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात फ्युसोबॅक्टेरियम जातीचे जंतू होते; निरोगी स्त्रियांत हे प्रमाण १० टक्क्यांच्याही आत होते. उंदरांमध्ये प्रतिजैविके दिल्यावर रोगाच्या गाठी कमी झाल्या. हा अभ्यास लहान आहे. इतर देशांतील स्त्रियांत असेच दिसते का, हे पाहिल्याशिवाय कोणीही प्रतिजैविकांच्या गोळ्या खाऊ नयेत. परंतु एक नवे दार त्याने किलकिले केले आहे, हे निश्चित.

चौथी दिशा आपल्या चळवळीच्या जवळची आहे. ती विषारी रसायनांची. १९९३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील संशोधकांना असे आढळले की ज्या माकडिणींच्या अन्नात डायॉक्सिन हे विष अत्यल्प प्रमाणात मिसळले गेले होते त्यांच्यात हा रोग अधिक होता, आणि विषाच्या मात्रेबरोबर त्याची तीव्रता वाढत होती. १९७६ साली इटलीतील सेव्हेसो येथे रासायनिक कारखान्यातून डायॉक्सिनचा लोट वस्तीवर पसरला होता. तेथील स्त्रियांची नंतर पाहणी करण्यात आली आणि २००२ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अधिक विष शरीरात गेलेल्या स्त्रियांत हा रोग जास्त असावा असा कल दिसला, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो ठाम ठरला नाही. आपण भांडवली उद्योगाचे टीकाकार आहोत म्हणून जेवढा पुरावा आहे त्याहून अधिक बोलण्याचा मोह आपल्याला होता कामा नये. येथे संशय आहे, सिद्धता नाही. पण संशय असतानाही पुढचा अभ्यास कोणी करावयाचा? ज्याच्या कारखान्यातून विष निघते तो तर करणार नाही.

मग हे सर्व एवढ्या संथ गतीने का चालले आहे? एक कारण शास्त्रीय आहे. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या सामान्य उंदरिणीला पाळी येतच नाही, त्यामुळे रोग प्राण्यात निर्माण करून पाहणे अवघड जाते. दुसरे कारण पैशाचे आहे. २०२२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी या रोगाच्या संशोधनावर १ कोटी ६० लाख डॉलर खर्च केले; दर रुग्ण स्त्रीमागे हे साधारण २ डॉलर पडतात. आतड्याच्या क्रोन्स रोगासाठी, जो याहून पुष्कळच कमी लोकांना होतो, दर रुग्णामागे सुमारे १३० डॉलर खर्च झाले. क्रोन्सच्या रुग्णांचे पैसे कमी करा असे मी म्हणत नाही. परंतु जगातील सर्वांत श्रीमंत देशात एका बाईच्या या वेदनेची वर्षाची किंमत दोन डॉलर ठरते, तेव्हा 'कारण अज्ञात आहे' या वाक्याचा अर्थ 'कारण शोधलेले नाही' असा घ्यावा लागतो. लक्षणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी ४ ते १२ वर्षे जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही वर्षेही अर्थात कोणी हिशेबात धरलेली नाहीत.

जेथे स्त्रियांनी संघटित होऊन आवाज उठवला तेथे शासनाला हलावे लागले आहे. ऑस्ट्रेलियात २०१७ च्या डिसेंबरात आरोग्यमंत्र्यांनी या रुग्ण स्त्रियांची जाहीर माफी मागितली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय कृती आराखडा आला. फ्रान्सने २०२२ च्या जानेवारीत या रोगाविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. आपल्याकडेही काम सुरू झाले आहे, आणि ते गिरणगावातल्या परळमध्ये. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे सरकारच्या पैशावर चालणाऱ्या, प्रजनन व बालस्वास्थ्यविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेने देशाच्या निरनिराळ्या भागांतील रुग्णालयांना बरोबर घेऊन भारतीय स्त्रियांतील या रोगाच्या लक्षणांचा आणि जनुकांचा अभ्यास हाती घेतला आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांचेही त्याला सहकार्य आहे. ही फार मोलाची गोष्ट आहे. परंतु या अभ्यासात कोणत्या स्त्रिया येणार? ज्या रुग्णालयापर्यंत पोहोचल्या, ज्यांची दुर्बिणीतून किंवा चांगल्या सोनोग्राफीतून तपासणी झाली, त्याच. पोहोचूच न शकलेल्या स्त्रियांचे काय होते, हे पाहण्यासाठी आपल्याला परळहून बीडला जावे लागेल.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचा प्रश्न २०१९ साली गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, आणि त्यांतील कित्येकी चाळिशीच्या आतल्या होत्या. त्यामागचे अर्थशास्त्र आपणास ठाऊक आहे. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस काम बुडाले तर खाडा. पाळीत दुखते म्हणून फडात न जाणे परवडत नाही. मग गावातला डॉक्टर म्हणतो, "पिशवी खराब आहे, काढून टाक, नाही तर कॅन्सर होईल." बाई उसनवारी करून पिशवी काढून घेते.

या तेरा हजार स्त्रियांपैकी कोणाला एंडोमेट्रिऑसिस होता आणि कोणाला नव्हता, हे मी सांगू शकत नाही. माझा आक्षेप नेमका तोच आहे. मलाच काय, कोणालाही ते सांगता येणार नाही, कारण पिशवी काढण्यापूर्वी दुखण्याचे कारण शोधण्याची तसदी सहसा घेतलीच जात नाही. आणि ज्यांना तो असेल त्यांच्याबाबतीत क्रूर विनोद असा की हा रोग गर्भाशयाच्या बाहेरचा आहे. पिशवी गेली तरी बाहेरच्या गाठी जागच्या जागी राहू शकतात आणि दुखणेही राहू शकते. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले असतील तर ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. रोगाचे कारण न शोधण्याची किंमत कोण मोजते, हे यावरून दिसेल.

काही साथी म्हणतील, आपल्याकडे क्षय आहे, रक्तक्षय आहे, बाळंतपणात बाया मरतात. ते सोडून जिने माणूस मरत नाही त्या व्याधीसाठी संशोधनाला पैसे कशाला? हा युक्तिवाद मी मंत्रालयातही ऐकला आहे. गरिबांच्या दोन दुखण्यांना एकमेकांसमोर उभे करावयाचे आणि तिसऱ्याच खर्चाबद्दल मौन पाळावयाचे, ही शासनाची जुनी रीत आहे; आपण ती उचलू नये. शिवाय या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. जी आरोग्यव्यवस्था बाईला 'किती दिवसांपासून दुखते' एवढे विचारून नीट लिहून ठेवील, तीच तिचा क्षय आणि रक्तक्षयही वेळेवर ओळखील.

आणखी काही जण म्हणतील की संशोधन हे शास्त्रज्ञांचे काम, कार्यकर्त्याने त्यात काय करावयाचे? मी चार गोष्टी सुचवते.

पहिली गोष्ट नोंदीची. ऊसतोड कामगार, बिडी कामगार, यंत्रमागावरील स्त्रिया, जेथे आपले काम आहे तेथे आशा कार्यकर्त्यांच्या मदतीने तीन प्रश्न विचारले जावेत. पाळीच्या दुखण्याने काम बुडते काय? किती वर्षांपासून? पाळी नसतानाही ओटीपोटात, संबंधाच्या वेळी, शौचाच्या वा लघवीच्या वेळी दुखते काय? ज्यांची उत्तरे होकारार्थी येतील त्यांना जिल्हा रुग्णालयात नेऊन तपासणीचा आग्रह धरावा. ही नोंद बाईच्या संमतीने व्हावी आणि तिची गुप्तता पाळली जावी, हे सांगावयास नकोच.

दुसरी गोष्ट पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेची. का काढली याचे लेखी कारण, आणि काढलेल्या भागाच्या सूक्ष्मदर्शकीय तपासणीचा अहवाल, हे दोन कागद प्रत्येक बाईच्या हाती पडलेच पाहिजेत. त्यामुळे अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा बसेल आणि आज केराच्या टोपलीत जाणारे ज्ञान संशोधनाला उपलब्ध होईल.

तिसरी गोष्ट खाड्याची. पाळीच्या दुखण्यासाठी घेतलेल्या रजेची मजुरी कापली जाता कामा नये, ही मागणी करारांच्या वाटाघाटीत आली पाहिजे. जिची मजुरी कापली जाणार आहे ती आपली वेदना कधीच खरी सांगणार नाही.

चौथी गोष्ट संशोधनाच्या मालकीची. विधिमंडळात आणि संसदेत या संशोधनासाठी सार्वजनिक निधीची मागणी झाली पाहिजे, आणि तिच्याबरोबर एक अटही. गरीब स्त्रियांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून जे ज्ञान निघेल ते सार्वजनिक मालमत्ता राहील आणि त्यावर आधारलेले औषध त्याच स्त्रियांना परवडेल अशा किमतीत मिळेल. नमुना परळला द्यावयाचा आणि औषध परदेशी कंपनीकडून घ्यावयाचे, असा व्यवहार आपण मान्य करू नये.

ज्या ज्येष्ठ साथींनी मला काल प्रश्न विचारला त्यांना माझे उत्तर एवढेच आहे. डॉ. लोहियांनी एके काळी स्त्रियांसाठी शौचालये आणि स्वयंपाकघरातील धूर हे राजकारणाचे प्रश्न म्हणून मांडले तेव्हाही पुष्कळांना ते महिला मेळाव्याचेच विषय वाटले होते. ज्या गोष्टीमुळे दहांतील एका स्त्रीला महिन्यातले काही दिवस फडात, कारखान्यात किंवा शाळेत उभे राहता येत नाही, ती गोष्ट श्रमाच्या प्रश्नापासून वेगळी कशी करता येईल?

त्या बिडी कामगार बाईच्या केसपेपरवरील माझे तीन शब्द आता बदलता येणार नाहीत. पण उद्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयात तशीच एखादी बाई जाईल तेव्हा तिच्या कागदावर निदान चार पूर्ण वाक्ये लिहिली जावीत, एवढे आपण करू शकतो. त्या चार वाक्यांची परळमधल्या संशोधकालाही गरज आहे.

मी आपला फार वेळ घेतला. आता प्रश्न विचारावेत, आणि या विषयावरचे प्रश्न पुरुष साथींनीही विचारावेत, अशी माझी विनंती आहे.